जीवघेण्या रिअ‍ॅलिटी शोवरची उपहासात्मक फिल्म खरी कशी वाटेल?

तुम्ही विचारलंय, स्पर्धक एकमेकांना ठार मारतात अशा टीव्ही शोवर २० मिनिटांची उपहासात्मक फिल्म करायची आहे, पैसे कमी आहेत, तर कॅमेरा कोणता घ्यावा आणि रक्त किती दाखवावं. कॅमेऱ्याचं शेवटी सांगतो. रक्ताबद्दल मात्र हा वाद मी फार जणांशी घातला आहे: रक्त वाढवलं की उपहास धारदार होतो, ही समजूत साफ चूक आहे. रक्ताने भयपट होतो. उपहास होतो तो शोच्या गोड आवाजातून, संकलनातून आणि 'ब्रेकनंतर पाहू या' यातून.

डॅनियल मिनाहानची २००१ची 'सीरिज ७: द कंटेंडर्स' नीट पाहा. अख्खी फिल्म म्हणजे एका शोचे सलग लावलेले भाग. शोबाहेरचं एकही दृश्य नाही, स्टुडिओतले दुष्ट अधिकारी नाहीत, समजावून सांगणारं पात्र नाही. आधीची विजेती डॉन आठ महिन्यांची गरोदर आहे आणि निवेदक तेही प्रोमोच्या सुरात सांगतो. शेवटाकडे डॉन आणि दुसरा स्पर्धक जेफ खेळ नाकारून कॅमेऱ्यांवरच उलटतात. मग शो काय करतो? पुढच्या घटना नट घेऊन केलेल्या नाट्यरूपांतरात दाखवतो. सगळ्यात महत्त्वाच्या क्षणी प्रेक्षकाला खरं फुटेज मिळतच नाही, शोला सोयीचं तेवढंच मिळतं. त्या जागी कितीही रक्त ओतलं असतं तरी एवढं बोचलं नसतं.

आता तुमच्या फिल्मचं. पटकथेआधी एक तक्ता करा: कोणत्या स्पर्धकामागे कोणता कॅमेरामन. एका स्पर्धकाला एक कॅमेरा, हा नियम ठेवा. स्पर्धक एकटा असेल तर त्या दृश्यात एकच कोन मिळेल. दोघं समोरासमोर आले की दोन कॅमेरे आले, तेव्हाच उलट कोनाचा कट, म्हणजे समोरच्या बाजूने घेतलेला शॉट, हक्काचा. नवख्यांच्या फिल्म इथेच फसतात. एकट्या माणसाचा समोरून क्लोजअप आणि लगेच पाठीमागून शॉट दिसला की प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, पण खोटेपणा कळतो. हल्ला नेहमी फ्रेमबाहेर सुरू होऊ द्या आणि कॅमेरा अर्धा-एक सेकंद उशिरा वळवा. सुरा कुठून येणार हे कॅमेरामनला आधीच ठाऊक असेल, तर ती सिनेमाची मारामारी झाली, शोची नव्हे.

मुलाखतींचे बाईट, म्हणजे स्पर्धक कॅमेऱ्यासमोर बोलतो ते छोटे तुकडे, हा दुसरा सापळा. स्पर्धक भूतकाळात बोलला, 'तो माझ्यावर धावून आला', की तो वाचला हे तिथेच फुटतं. म्हणून वर्तमानकाळात बोलायला लावा, 'तो धावून येतोय, मला पळायला जागा नाही', आणि कपडे सगळ्या बाईटमध्ये एकच ठेवा. तरी हिशेब सुटत नाही: जो मेला त्याचा बाईट त्या घटनेबद्दल असूच शकत नाही, आधीचाच हवा. प्रश्न ऐकू जाणार नाही, त्यामुळे नटाने उत्तरात प्रश्न गुंफून बोलायचं. प्रत्येक जागी ३० सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करा. वाक्यं तोडून जोडायला ती लागते. जोड झाकायला हातांचे, दाराचे, घड्याळाचे शॉट घ्या. एक जोड मात्र मुद्दाम कच्चा सोडा, म्हणजे या माणसाच्या तोंडी शब्द घातलेत हे ऐकू येईल.

२० मिनिटांत दोन ब्रेक पुरतात. ब्रेकआधी पुढच्या हल्ल्याची १० सेकंदांची झलक, ब्रेकनंतर तोच क्षण पुन्हा, आणि झलकेत वाटलं होतं त्याहून तो साधा निघाला पाहिजे.

निवेदक विनोदी नट नको. १९७०च्या 'दास मिलिओनेनश्पील' या पश्चिम जर्मन टीव्ही फिल्ममध्ये मारेकऱ्यांपासून पळणाऱ्या स्पर्धकाचा शो होता आणि सूत्रसंचालक म्हणून डीटर थोमास हेक हा टीव्हीवरचा खराखुरा सूत्रसंचालक घेतला होता. तो नेहमीसारखाच बोलला. काही प्रेक्षकांनी स्पर्धक म्हणून भाग घ्यायची तयारी कळवली! तुमच्याकडे लग्न-समारंभांत सूत्रसंचालन करणारं कुणी असेल तर नटाआधी त्याला विचारा.

कॅमेरा कोणताही चालेल. पार्श्वभूमी धूसर करणारी लेन्स टाळा, फोकस आणि प्रकाश ऑटोवर ठेवा, झूम हाताने करा, सेकंदाला २४ फ्रेम्स हा सिनेमाचा वेग नको, तुमच्याकडच्या टीव्हीचे २५ किंवा ३० घ्या. वाचलेले पैसे लेपल माइकवर, म्हणजे कपड्याला लावायच्या छोट्या माइकवर, घाला. धावताना कपड्याची खरखर आली तर काढू नका.

दोन गोष्टी राहिल्या. बंदुका नकली, न उडणाऱ्याच वापरा, गोळी सुटतानाची ज्वाळा संकलनात घाला, आणि उघड्यावर चित्रीकरण असेल तर पोलिसांना आणि शेजाऱ्यांना आधी कळवा. आणि कल्पना कुणाच्या कथेवरून घेतली असेल तर हक्क लेखी घ्या. ती जर्मन फिल्म रॉबर्ट शेकलीच्या कथेवर होती आणि हक्कांच्या वादामुळे २००२पर्यंत पुन्हा दाखवता आली नाही.