सोप्यातले वायफाय आणि माजघरापलीकडचा संगणक

प्रश्न : आमचे घर साताऱ्यातील मंगळवार पेठेत आहे. बांधकाम जुने असून मधल्या भिंती दगडमातीच्या आणि दोन फुटांहून जाड आहेत. राउटर पुढच्या सोप्यात आहे आणि तेथून सुमारे ४० फुटांवरील मागच्या खोलीत मुलीचा डेस्कटॉप संगणक व प्रिंटर आहे. या दोन्हींना वायफाय नाही, फक्त लॅन केबलचा पोर्ट आहे. सासरे भिंतीला भोक पाडू देत नाहीत. दुकानदाराच्या सांगण्यावरून मागच्या खोलीत रिपीटर, म्हणजे आलेले वायफाय पुढे पसरवणारे यंत्र, बसवला. मोबाइलवर रेंजच्या सगळ्या रेषा भरलेल्या दिसतात, तरीही व्हिडिओ सारखा अडकतो. संगणक आणि प्रिंटर कसे जोडावेत?
— एक वाचक, सातारा

उत्तर : मोबाइलवर दिसणाऱ्या रेषा या मोबाइल आणि रिपीटर यांच्यामधल्या अंतराच्या आहेत. दोघे एकाच खोलीत असल्यामुळे त्या भरलेल्या दिसणारच. खरी अडचण रिपीटर आणि सोप्यातला राउटर यांच्यामध्ये, त्या दोन भिंतींत आहे आणि ती मोबाइलला दिसत नाही. शिवाय साध्या रिपीटरमध्ये रेडिओ एकच असेल, तर आलेली प्रत्येक गोष्ट त्याला त्याच चॅनेलवर पुन्हा हवेत सोडावी लागते आणि वेग जवळपास निम्म्यावर येतो.

आपल्याला मागच्या खोलीत मुळात वायफाय नको आहे, तेथे केबलचे टोक हवे आहे. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण वायफाय घेऊन ते केवळ केबलवाटे पुढे देणाऱ्या यंत्राला, म्हणजे ब्रिजला, तेच दुसऱ्यांदा हवेत सोडावे लागत नाही आणि ती निम्म्या वेगाची तूट टळते. आपल्या रिपीटरला खाली किंवा बाजूला लॅनचा पोर्ट आहे का, ते आधी पाहावे. असल्यास नवे काही घेण्याची घाई करू नये. सेटिंगमध्ये वायफाय पुढे पसरवणे बंद करता येत असेल तर ते बंद करावे, त्या पोर्टला पाच पोर्टांचा साधा स्विच (एका केबलवर अनेक यंत्रे जोडू देणारी लहान पेटी, विजेचे बटण नव्हे) जोडावा आणि स्विचला संगणक व प्रिंटर जोडावेत. पोर्ट नसेल तर घरात पडून असलेला जुना राउटरही चालेल, मात्र त्यात ब्रिज किंवा क्लायंट मोड, म्हणजे दुसऱ्या राउटरचे वायफाय घेण्याची सोय, असायला हवा.

मोड निवडताना काळजी घ्यावी. काही मोडमध्ये जुना राउटर मागच्या यंत्रांसाठी स्वतःचे वेगळे जाळे तयार करतो. तेव्हा इंटरनेट चालते, पण सोप्यातल्या मोबाइलला प्रिंटर सापडत नाही. पुढच्या यंत्रांचे आयपी पत्ते (जाळ्यात प्रत्येक यंत्राला मिळणारे क्रमांक) १९२.१६८.१ ने आणि मागच्यांचे १९२.१६८.० ने सुरू होत असतील, तर हेच घडले आहे असे समजावे. ब्रिज नीट लागला की सगळे पत्ते एकाच मालिकेतले येतात. तरीही एक खोच उरते. वायफायवर जोडलेल्या यंत्राने राउटरकडे पाठवलेल्या माहितीत साधारणपणे तीनच मॅक पत्त्यांना (हे आयपी पत्ते नव्हेत, तर यंत्रांचे स्वतःचे ओळखक्रमांक) जागा असते, त्यामुळे ब्रिजच्या पाठीमागच्या संगणकाचा मूळ पत्ता लिहायला जागा राहत नाही. चार पत्त्यांची सोय दोन्ही बाजूंना लागते आणि ती बहुधा एकाच कंपनीच्या यंत्रांत जुळते. ती नसेल तर ब्रिज सर्वांच्या वतीने स्वतःचाच पत्ता लिहितो आणि कोणाचे काय याचा हिशेब ठेवतो. हे एरवी व्यवस्थित चालते, पण प्रिंटर आपोआप सापडण्यात कधी कधी अडचण येते. म्हणून प्रिंटरच्याच सेटिंगमध्ये त्याचा आयपी पत्ता कायमचा ठरवून टाकावा.

यंत्र कोठे ठेवावे, यावर मात्र सर्वांत अधिक अवलंबून आहे. रिपीटर किंवा ब्रिज मागच्या खोलीत ठेवणे हीच बहुतेकांची चूक असते. तो माजघरात, जेथे सोप्यातला राउटर अजून स्पष्ट ऐकू येतो तेथे ठेवावा आणि उरलेले अंतर केबलने तोडावे. जुन्या घरांत पुढची, मधली आणि मागची दारे पुष्कळदा एका ओळीत असतात. आपल्याकडे तसे असेल तर यंत्र त्या ओळीत, कमरेच्या वर ठेवावे. माझ्या मामांच्या घरी आम्ही ब्रिज लोखंडी कपाटाच्या आड ठेवला होता आणि दोन दिवस सेटिंगमध्येच दोष शोधत होतो. तो तीन हात सरकवून चौकटीजवळ टांगल्यावर जोडणी स्थिर झाली. वायफायच्या दोन लहरींपैकी २.४ गिगाहर्ट्झ जाड भिंतींतून तुलनेने बरे पोहोचते. ५ गिगाहर्ट्झ वेगवान असले तरी भिंतीपुढे लवकर थकते, त्यामुळे दोन्ही लावून पाहावेत.

एवढे सांगूनही माझे मत असे की, मुलीचे शिक्षण त्या संगणकावर अवलंबून असेल तर सोप्यापासून थेट केबलच ओढावी. तांब्याच्या लॅन केबलची मर्यादा १०० मीटर आहे आणि आपले अंतर वळणे धरूनही वीस मीटरच्या आत राहील. त्यासाठी भिंत फोडावी लागत नाही. दाराच्या चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात बहुधा बोटभर फट असते. टोकाचा प्लग त्यातून जात नसेल, तर केबल नुसतीच ओवून कनेक्टर नंतर बसवून घ्यावा आणि दोन्ही टोकांना आठ तारांच्या रंगांचा क्रम एकच ठेवायला सांगावे. पुढे कडीपाटाच्या तुळईच्या कडेने ती नेली तर सहसा नजरेतही येत नाही. विजेच्या वायरीला चिकटवून ती नेऊ नये आणि ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडावी. केबल विकत घेताना आतली तार शुद्ध तांब्याची आहे ना, हे विचारावे. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार स्वस्त मिळते, परंतु वळणावर लवकर तुटते.

वीज गेल्यावर सोप्यातला राउटर इन्व्हर्टरवर चालू राहिला आणि माजघरातला ब्रिज किंवा मागचा स्विच बंद पडला तर उपयोग नाही, म्हणून ही सर्व यंत्रे इन्व्हर्टरच्याच लाइनवर घ्यावीत. कोणताही मार्ग निवडला तरी क्लिपा ठोकण्यापूर्वी केबल दोन दिवस जमिनीवरून तशीच सोडून, संध्याकाळी सगळे घरी असताना व्हिडिओ आणि छपाई दोन्ही चालवून पाहावे.