कैफियत वादीची नसते

प्रश्न असा आला आहे : ‘शेतजमिनीच्या वादात वादीने उच्च न्यायालयात आपली कैफियत मांडली, असे बातमीत वाचले. कैफियत मांडतात की दाखल करतात? आणि परका शब्द टाळून लेखी कथन म्हटले तर काय बिघडले?’

मांडतात की दाखल करतात हे मागाहून. आधी ती कैफियत वादीकडून काढून घ्या. वादी दावा लावतो. त्याचा कागद म्हणजे वादपत्र. समन्स बजावले गेले की प्रतिवादी जे लेखी उत्तर देतो ती कैफियत. हल्ली रस्त्यातल्या खड्ड्यांपासून कांद्याच्या भावापर्यंत जो तो उठून ‘कैफियत मांडतो’. गाऱ्हाणे या अस्सल शब्दाने कुणाचे काय घोडे मारले होते?

उच्च न्यायालयाच्या बातमीत तर घोळ दुहेरी होतो. जिल्ह्यातला जमिनीचा दावा चालतो खालच्या दिवाणी न्यायालयात. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ ची. तिच्या आठव्या आदेशाप्रमाणे (‘आदेश’ म्हणजे इथे संहितेचे प्रकरण) कैफियतीला ३० दिवस, आणि न्यायाधीशांनी कारणे नोंदवली तर ९० दिवसांपर्यंत. तेवढ्यात ती आली नाही की ‘विना कैफियत’, म्हणजे तिच्यावाचून दावा पुढे चालवण्याचा, हुकूम होतो. मग प्रतिवादी धावतो तो उच्च न्यायालयात, राज्यघटनेच्या अनुच्छेद २२७ खाली रिट याचिका घेऊन. तिथे तो याचिकाकर्ता, आणि मूळ वादी समोरच्या बाकावर. बातमीदाराची गल्लत होते ती इथे. जमीन कुणाची हा प्रश्न तिथे निघतच नाही. खालच्या न्यायालयाने आपला अधिकार नीट वापरला की नाही एवढेच पाहायचे असते. नव्वद दिवसांची मुदत साध्या दाव्यात अगदी पोलादी नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सांगितले. त्यामुळे कारण पटले तर उच्च न्यायालय प्रतिवादीवर खर्च बसवून कैफियत घ्यायला लावते. व्यापारी दाव्यांत मात्र १२० दिवस उलटले की दार बंद; हे बंधन २०१५ च्या व्यापारी न्यायालयांच्या कायद्याने घातले आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला कडी लावली. तर अशा रिट याचिकेत समोरचा पक्ष उत्तर देतो ते प्रतिज्ञापत्रावर. म्हणजे त्या सुनावणीत भांडण कैफियतीवरून असेल, पण वादीची म्हणून कैफियत तिथे असण्याची सोयच नाही.

असो. मला खरी गोडी आहे ती शब्दाची. अरबीत ‘कैफ’ म्हणजे ‘कसे?’ दोन अरब भेटले की ‘कैफ हालक’ म्हणतात, आपल्या ‘कसं काय’सारखे. त्या ‘कसे’ला प्रत्यय लागून कैफियत, म्हणजे कसेपणा, एखादी गोष्ट कशी आहे, कशी घडली ते. फारसीतून ती दख्खनच्या दफ्तरात आली. कंपनी सरकारचा मोजणी अधिकारी कर्नल मॅकेन्झी याच्या माणसांनी गावोगावच्या हकिकती गोळा केल्या, त्यांनाही कैफियती हेच नाव आहे आणि त्यांत कुणी कुणावर दावा लावलेला नाही. तोच ‘कैफ’ दुसरीकडे ‘मनाची स्थिती’, मग ‘खुशी’, मग ‘नशा’ असा घसरत गेला आणि मराठीत सत्तेचा कैफ चढू लागला. कैफ आणि कैफियत सख्ख्या बहिणी आहेत. हे सांगितले की कुणीतरी विद्वान ‘म्हणूनच कॉफी!’ असे फॉरवर्ड पाठवतो. नाही हो. कॉफी ‘कहवा’वरून आली, त्यातला ‘क’ घशातला, यातला साधा. अरबीत ही अक्षरेच वेगळी.

आता शुद्धीवाल्यांकडे वळतो. ‘कैफियत हाकला, कथन आणा.’ आणा की! पण कथन कुठून आले? धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, ‘कथ वाक्यप्रबन्धे’ असा दहाव्या गणात स्वतंत्र धातू दिला आहे, म्हणून आपले शास्त्रीबुवा तिथेच थांबतात. मोनियर-विल्यम्सच्या संस्कृत-इंग्रजी कोशात मात्र हा धातू ‘कथम्’वरून, म्हणजे ‘कसे’वरून आला असे मानले आहे, आणि मला ते शंभर टक्के पटते. कथा म्हणजे ‘कसे’ ते सांगणे. अरबीने आणि संस्कृतने एकमेकींना न विचारता एकाच प्रश्नार्थक शब्दातून हकिकत काढली. तेव्हा कैफियतीच्या जागी कथन घालून तुम्ही अर्थाचा एक कणही हलवलेला नाही. पेशवाईतल्या निवाड्यांत अग्रवादी (वादी), पश्चिमवादी (प्रतिवादी) हे संस्कृत शब्द आणि निवाडा मान्य राहील म्हणून लिहून द्यायचा फारसी ‘राजीनामा’ शेजारी शेजारी नांदत. तिथे कुणाचा धर्म बुडाला नाही.

कैफियतीचे गाऱ्हाणे कसे झाले? माझा तर्क असा, की मामलेदाराच्या कचेरीत रयतेला ‘कसे घडले ते सांग’ म्हटले की तिच्याकडून बाहेर पडायचे ते रडगाणेच. कोर्टात मात्र गाडी उलट दिशेला गेली. वादपत्रातले जे विधान स्पष्ट नाकारले नाही ते कबूल धरले जाते. त्यामुळे वकील वादपत्राचे एकेक कलम, म्हणजे परिच्छेद, घेऊन लिहीत जातात : ‘कलम ३ मधील मजकूर खोटा व खोडसाळ असून तो या प्रतिवादीस मान्य व कबूल नाही.’ पुढे कलम ४, पुन्हा तेच. विचारले ‘कसे’, उत्तर आले ‘नाही’. अशा कित्येक कैफियतींत जमिनीचे खरोखर काय झाले ते शेवटच्या पानावर दोन परिच्छेदांत उरकलेले असते.

हां, मांडतात की दाखल करतात. दाखल करतात; ‘दिली’ही चालते. मांडतात तो युक्तिवाद, आणि तो करायला वकिलाला उभे राहावे लागते.