लायपेज एवढं वाढलंय, मग रक्तात चरबी कशी साठली?

प्रश्न : माझे वडील 54 वर्षांचे आहेत, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला जातात. मागच्या महिन्यात पोटाच्या वरच्या भागात असह्य दुखायला लागलं, कळ पाठीपर्यंत जायची, ॲडमिट केलं तर स्वादुपिंडाला सूज निघाली. लायपेज खूप वाढलेलं, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी 1650, शुगर 300च्या वर. रक्त दुधासारखं दिसत होतं म्हणे. लायपेज तर चरबी पचवतं ना, मग एवढं वाढलेलं असून रक्तात चरबी साठली कशी? आणि शेंगाचटणी कायमची बंद का? मामा म्हणतात करडईचं तेल हलकं असतं, ते चालतं.
– एक वाचक, बाळीवेस, सोलापूर

उत्तर : ताई, प्रश्न अगदी बरोबर विचारलात, कारण इथंच सगळ्यांचा गोंधळ होतो. लायपेज हे एकच एन्झाईम नाही, बरेच प्रकार आहेत त्याचे. रिपोर्टमध्ये आलंय ते स्वादुपिंडाचं, त्याचं काम लहान आतड्यात, पित्ताच्या मदतीनं तेलातुपाचे तुकडे करायचे, बास. स्वादुपिंडाला सूज आली की पेशींना इजा होते आणि ते रक्तात उतरतं. म्हणजे तो आकडा सूज दाखवतो, पचन जोरात चाललंय असं नाही.

रक्तातली चरबी उचलणारं एन्झाईम वेगळं, लायपोप्रोटीन लायपेज. हे स्नायू, हृदय आणि चरबीच्या पेशींजवळच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या भिंतीला चिकटून बसलेलं असतं, रक्तातून ट्रायग्लिसराइडचे कण जाताना त्यांना फोडतं आणि निघालेली फॅटी ॲसिड्स स्नायूंना जाळायला नाहीतर चरबीच्या पेशींना साठवायला देतं. 1943मध्ये पॉल हान या संशोधकांना दिसलं की जेवणानंतर दुधाळ झालेलं कुत्र्यांचं रक्त हेपारिन हे रक्त गोठू न देणारं औषध टोचल्यावर नितळ होतं. का, तर हेपारिन हेच एन्झाईम भिंतीवरून सोडवून रक्तात आणतं. मला हा शोध फार आवडतो.

आता वडिलांचं. चरबीच्या पेशींजवळचं हे एन्झाईम इन्सुलिनच्या जोरावर चालतं. शुगर हाताबाहेर गेली, इन्सुलिन कमी पडलं की ते सुस्तावतं, वर साठवलेली चरबी सुटून लिव्हरकडं जाते आणि लिव्हर तिचं परत ट्रायग्लिसराइड करून रक्तात सोडतं, म्हणजे आवक वाढली आणि उचल बंद, आडतीत माल तुंबतो तसं. ट्रायग्लिसराइड 1000च्या वर गेलं की स्वादुपिंडाला धोका, कारण त्याचंच लायपेज तिथं ही चरबी फोडतं आणि फॅटी ॲसिड्स पेशींना इजा करतात.

म्हणून पहिलं काम शुगर. दारू घेत असतील तर पूर्ण बंद, यात तडजोड नको. गोड कमी, भाकरी मोजून, आणि डॉक्टरांनी परवानगी दिली की रोज चालणं, कारण व्यायामानं स्नायूंमधलं हे एन्झाईम वाढतं. पचनाच्या एन्झाईमच्या गोळ्यांनी रक्तातली चरबी कमी होत नाही, त्या आतड्यातल्या कामासाठी असतात.

मामांना सांगा, करडई असो की शेंगतेल, सगळं ट्रायग्लिसराइडच आहे, ट्रायग्लिसराइड एवढं वाढलेलं असताना कुठलंच तेल हलकं नाही. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेल, त्यामुळं चटणी सध्या बंदच. आकडा 500च्या बराच खाली येऊन टिकला की डॉक्टरांना विचारून थोडी परत सुरू करता येईल, सोलापूरच्या माणसाला कायमची बंद सांगायला माझंही मन होत नाही.

क्वचित, दहा लाखांत एखाद्याला हे एन्झाईम जन्मतःच काम करत नाही. त्यात बहुतेकदा लहानपणापासून पोटदुखीचे झटके येतात, अंगावर पिवळट पुटकुळ्या उठतात. वडिलांचं तसं वाटत नाही, पण शुगर आटोक्यात येऊनही ट्रायग्लिसराइड हटलं नाही तर जनुकीय तपासणीबद्दल विचारा. तुम्ही भावंडांनीही उपाशीपोटी लिपिड प्रोफाइल आणि शुगर करून घ्या. आणि वडिलांना तशीच कळ परत आली तर घरी ओवा-सोडा देत बसू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.