'१००% हर्बल' लिहिलेलं प्रसाधन शुद्ध आहे का, हे घरी कसं तपासायचं? विक्रेते लॅब रिपोर्ट दाखवतात, त्यावर विश्वास ठेवावा का?

घरी तपासता येत नाही. एवढं लिहून थांबले असते, पण रिपोर्टचा उल्लेख वाचला आणि राहवलं नाही. "अगं, रिपोर्ट होता ना त्यांच्याकडे!" हे वाक्य दादाने मला आईच्या उशाशी बसून ऐकवलं होतं.

मी एका खाजगी टेस्टिंग लॅबमध्ये केमिस्ट आहे, ११ वर्षं झाली. आई त्याहून कितीतरी आधीपासून केसांना मेंदी लावायची. चहाच्या पाण्यात, लोखंडी कढईत रात्रभर भिजवलेली. दादाने एका प्रदर्शनातून 'शंभर टक्के हर्बल काळी मेंदी' आणली. पहिल्या पाकिटाने काहीच झालं नाही, उलट आई खूश. महिन्याभराने दुसरं लावलं. रात्री डोकं खाजायला लागलं, सकाळी कपाळ आणि कान लालबुंद, आणि तिसऱ्या दिवशी चेहरा इतका सुजला की डोळे उघडेनात. कानामागून पाणी गळत होतं. त्वचेच्या डॉक्टरांनी एकच विचारलं, "रंग किती वेळात चढला?" अर्ध्या तासात. कुळकुळीत काळा.

मेंदीच्या पानातलं लॉसोन नारिंगी ते तांबूस-तपकिरी रंग देतं. नुसती मेंदी काळी होत नाही. निळीच्या पाल्याने केस काळे होतात, पण त्याला वेळ लागतो. अर्ध्या तासात काळं करणारं बहुतेक वेळा पीपीडी असतं, म्हणजे साध्या हेअर डायमधलंच पॅरा-फेनिलीनडायमिन. डायच्या खोक्यावर निदान कायद्याने इशारा छापावा लागतो: आधी थोडं लावून बघा, भुवया-पापण्यांना लावू नका. या पाकिटावर फक्त पानांची चित्रं होती. पीपीडीची खोड अशी की काहींचं शरीर पहिल्या वेळी ते नुसतं ओळखून ठेवतं आणि पुढच्या वेळी उसळतं.

दादाने मोबाईलवर रिपोर्टचा फोटो दाखवला. मी ओळ न् ओळ वाचली. रिपोर्ट खरा होता. शिसं मर्यादेत, आर्सेनिक मर्यादेत, जंतूंची संख्या मर्यादेत. पीपीडी त्यात नव्हतंच, कारण ते कुणी शोधायला सांगितलं नव्हतं. पार्टी जेवढे पॅरामीटर लिहून देते तेवढेच लॅब करते, आणि सॅम्पलही पार्टीच आणून देते. 'हा अहवाल दिलेल्या नमुन्यापुरताच' ही बारीक अक्षरातली ओळ मी स्वतः रोज छापते. त्या दिवशी ती पहिल्यांदा टोचली.

मधाचंही तेच झालं होतं. २०२० मध्ये सीएसई (सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट) या संस्थेने मधाचे २२ नमुने तपासले, त्यातले फक्त ५ सगळ्या चाचण्यांत पास झाले. नेहमीच्या चाचण्या पार करणारे बरेच नमुने जर्मनीत केलेल्या एनएमआर या साखरेच्या पाकाची भेसळ पकडणाऱ्या प्रगत चाचणीत अडकले. जे शोधाल तेच सापडतं. त्यामुळे मध पाण्यात टाकून बघणं, काडी पेटवून बघणं हे सगळं सोडून द्या.

रिपोर्ट दाखवला तर विचारा: कोणत्या बॅचचा, कशाकशासाठी, सॅम्पल कुणी घेतलं? पाकिटावर निर्मिती परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि घटकांची पूर्ण यादी नसेल तर घेऊ नका, मग विकणारी तुमची सख्खी मावशी का असेना. खरंच शंका असेल तर औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४०, कलम २६ बघा. विकत घेतलेलं प्रसाधन कुणीही ग्राहक फी भरून सरकारी विश्लेषकाकडे तपासायला देऊ शकतो. बिल मात्र जपून ठेवा. घरी करण्यासारखं एकच आहे, कानामागे थोडं लावून दोन दिवस थांबणं. त्याने शुद्धता कळत नाही, तुम्हाला ते सोसतंय का याचा थोडा अंदाज येतो.

एक राहिलं. पीपीडीचा डाय वर्षानुवर्षं लावूनही कित्येकांना काही होत नाही, आणि लपवून न विकता नियमाप्रमाणे विकला तर माझी हरकत नाही. उलट अस्सल मेंदीही सगळ्यांना चालतेच असं नाही. जी-६-पीडी या तांबड्या पेशींना जपणाऱ्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या तान्ह्या बाळाला ती लावली तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात.

आईने आता केस पांढरेच ठेवलेत. दादा अजून म्हणतो, तिची स्किनच सेन्सिटिव्ह. तो हे वाचेल म्हणून लिहिते: दादा, इतकी वर्षं तिला मेंदीने कधी पुरळसुद्धा उठलं नव्हतं. पाकिटात जे होतं ते पाकिटावर लिहिलेलं नव्हतं, आणि रिपोर्टमध्ये ते कुणी शोधलंच नव्हतं.