वाचकांचे प्रश्न : अमेरिकेतले खासदार एवढे वैतागलेत कशाला?

प्रश्न : आपल्याकडे तिकिटासाठी लोक जीव टाकतात आणि अमेरिकेत आरामात निवडून येणारे खासदार ‘आता पुन्हा उभा राहणार नाही’ असं जाहीर करतात, हे बातम्यांत सारखं दिसतं. एवढी पॉवर हातात असून वैताग कशाचा? (सांगली)

उत्तर : पॉवर आहे असं आपल्याला लांबून वाटतं हो, पण एकट्या खासदाराच्या हातात ती फार थोडी उरलीये आणि हेच त्यांचं खरं दुखणं आहे. हाउसमध्ये, म्हणजे तिथल्या खालच्या सभागृहात, 435 मेंबर, एकेकामागे साधारण साडेसात लाख लोक, पण कुठलं बिल मतदानाला येणार हे ठरवणार स्पीकर आणि त्यांच्या आसपासची चार माणसं. म्हणजे तुम्ही कमिटीत बसून, समोरच्या पक्षातले लोक सोबत घेऊन बिल तयार केलंत तरी ते सभागृहात येईलच असं नाही. आणि जे येतं ते असं येतं की डिसेंबर 2020 मधलं खर्चाचं आणि कोविड मदतीचं बिल 5,593 पानांचं होतं, ज्या दिवशी मजकूर समोर आला त्याच दिवशी दोन्ही सभागृहांत पास. वाचणार कधी आणि दुरुस्ती सुचवणार कधी? डाव्या बाजूच्या ओकासिओ-कोर्टेझ आणि कट्टर उजवे टेड क्रूझ यांचं एरवी कशावरच पटत नाही, पण त्या दिवशी दोघांची तक्रार एकच होती.

ताजं उदाहरण एपस्टीन फाइल्सचं, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांचे आरोप असलेले श्रीमंत जेफ्री एपस्टीन यांच्या तपासाच्या सरकारी कागदपत्रांचं. रिपब्लिकन थॉमस मॅसी आणि डेमोक्रॅट रो खन्ना यांनी मिळून फाइल्स खुल्या करायचं बिल आणलं, स्पीकर माइक जॉन्सन काही ते मतदानाला घेईनात. तेव्हा निम्म्याहून जास्त, म्हणजे 218 मेंबरांच्या सह्या गोळा करून स्पीकरला बाजूला सारायचा जो एक मार्ग नियमांत आहे तो धरावा लागला. शेवटची सही अ‍ॅडेलिटा ग्रिहाल्वा यांची, त्या सप्टेंबर 2025 मध्ये ॲरिझोनातून निवडून आल्या आणि शपथ मिळाली 12 नोव्हेंबरला, सात आठवडे थांबून. मग 18 नोव्हेंबरला मतदान झालं ते 427 विरुद्ध 1! जवळजवळ सगळं हाउस ज्याला हो म्हणतं ते बिल एवढे दिवस अडून राहतं, तर आत बसलेल्या माणसाला काय वाटत असेल बघा.

सिनेटची, म्हणजे वरच्या सभागृहाची, तऱ्हा वेगळी. तिथे 100 जण, पण बहुतेक बिलांवर चर्चा थांबवून मतदानाकडे जायला 60 मतं लागतात, त्यामुळे 51 जण असूनही हात बांधलेले. रिपब्लिकन सिनेटर जॉन मॅकेन 2017 च्या जुलैमध्ये मेंदूच्या कॅन्सरचं निदान झाल्यावर सभागृहात परत आले आणि कळकळीने सांगून गेले की कमिट्यांमधून, चर्चेतून, दोन्ही बाजूंना धरून काम करायची जुनी रीत परत आणा, आपल्या हातून काहीच होत नाहीये. तीन दिवसांनी घाईने आणलेल्या आरोग्य विम्याच्या बिलावर त्यांनी स्वतःच्या पक्षाविरुद्ध मत दिलं. मला त्यांची बरीचशी मतं पटत नाहीत, पण ते भाषण मात्र आजही जसंच्या तसं लागू आहे.

प्रश्न : तिथे आपल्यासारखा पक्षांतरबंदी कायदा नाही ना? मग पटत नसेल तर बिनधास्त विरोधात मत द्यावं, घाबरतात कशाला? (अकोला)

उत्तर : कायदा नाही हे बरोबर, विरोधात मत दिलं म्हणून सीट जात नाही. पण पुढच्या वेळी जाते, प्रायमरीत. पक्षाचा उमेदवार कोण हे तिथे मतदार ठरवतात आणि त्या प्रायमरीला येतात थोडेच लोक, तेही जास्त कडवे. जानेवारी 2021 मध्ये ट्रम्प यांच्यावरच्या महाभियोगाच्या बाजूने हाउसमधल्या 10 रिपब्लिकनांनी मत दिलं. चौघं पुन्हा उभेच राहिले नाहीत, चौघं प्रायमरीत पडले, त्यात वायोमिंगच्या लिझ चेनीसुद्धा. टिकले दोघंच, कॅलिफोर्नियाचे डेव्हिड वालादाओ आणि वॉशिंग्टन राज्याचे डॅन न्यूहाउस. आता या दोन राज्यांत सगळ्या पक्षांची एकच प्रायमरी असते आणि पहिले दोघं पुढे जातात, हा निव्वळ योगायोग आहे असं मला वाटत नाही.

रिपब्लिकन सिनेटर थॉम टिलिस यांचंही तेच. जून 2025 मध्ये ट्रम्प यांच्या मोठ्या बिलाला, मेडिकेडमधल्या (गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यातल्या) कपातीमुळे, ते नाही म्हणाले, ट्रम्पनी प्रायमरीत दुसरा माणूस उभा करायची धमकी दिली आणि लगेच दुसऱ्या दिवशी टिलिसनी जाहीर केलं की मी 2026 ला लढत नाही. त्यानंतर ते सिनेटमध्ये मोकळेपणाने बोलले. मला याचंच वाईट वाटतं, की खरं बोलायला आधी घरी जायची तयारी करावी लागते.

प्रश्न : पगार परवडत नाही म्हणून सोडतात का? (ठाणे)

उत्तर : पगार वर्षाला 1,74,000 डॉलर, 2009 पासून वाढलेला नाही, आणि मतदारसंघ व वॉशिंग्टन अशी दोन घरं चालवायची, त्यामुळे कुरबुर आहेच. पण जास्त त्रास देणग्या मागण्याचा आहे. हाउसची निवडणूक दर दोन वर्षांनी, आणि सरकारी ऑफिसातून देणगीसाठी फोन करायला बंदी, म्हणून दोन्ही पक्षांनी जवळच फोनसाठी जागा केल्यात, तिथे बसून अनोळखी श्रीमंतांना तासन्‌तास फोन करायचे. न्यूयॉर्कचे स्टीव्ह इस्रायल याला कंटाळल्याचं उघड सांगूनच 2016 ला निवडणुकीतून बाहेर पडले.

प्रश्न : हे नियम त्यांचेच ना, मग बदलत का नाहीत? (बेळगाव)

उत्तर : अगदी बरोबर विचारलंत. 60 मतांची अट राज्यघटनेत नाहीच, सिनेटचा स्वतःचा नियम आहे. नेमणुकांपुरती ती 2013 मध्ये डेमोक्रॅटनी काढली, 2017 मध्ये रिपब्लिकननी सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशांसाठीही काढली, म्हणजे मनात आलं की बदलतात. हाउसमध्येही 2023 च्या जानेवारीत पंधराव्या फेरीत स्पीकर झालेल्या केविन मॅकार्थींकडून त्यांच्याच रिपब्लिकन पक्षातल्या बंडखोरांनी बिल वाचायला 72 तास द्यायचं कबूल करून घेतलं होतं, सोबत एकट्या मेंबरला स्पीकर हटवायचा ठराव आणता येईल हेही. ऑक्टोबरमध्ये त्याच ठरावाने मॅकार्थी गेले, 216 विरुद्ध 210. त्यानंतर नवीन स्पीकर मिळेपर्यंत तीन आठवडे हाउस ठप्प होतं, आणि 2025 च्या सुरुवातीला अशा ठरावासाठी नऊ जण लागतील असा नियम केला गेला. स्पीकरची खुर्ची सांभाळायचा नियम लगेच झाला, साध्या मेंबरचं बिल मतदानाला यावं यासाठी मात्र अजून 218 सह्याच गोळा कराव्या लागतात.