'वारली थीम' : आमची फरशी आणि तुमचं जेवणघर

तुमची पोस्ट वाचली आणि माझीच जुनी फाइल कुणी उघडली असं वाटलं. जव्हारकडच्या आश्रमशाळेच्या जेवणघराला 'वारली थीम' द्यायची आहे, कोणते मोटिफ घ्यावेत, असं तुम्ही विचारलंय.

आधी सांगून टाकतो, मी आदिवासी नाही, इंटिरियरवाला आहे. माझं चुकत असेल तर तिथल्या माणसांचं ऐका, माझं नको.

मोटिफचं नंतर. त्या शाळेत मुलं कोणाची आहेत? त्या भागात वारल्यांबरोबर कोकणा, महादेव कोळी, कातकरी, ठाकरही आहेत. कातकऱ्याच्या पोराला वारली भिंत दाखवून 'ही तुझी संस्कृती' म्हणायचं, हे मला तरी पटत नाही.

आता माझा गाढवपणा. दहाएक वर्षांपूर्वी डहाणूच्या बाजूला एका सरकारी इमारतीच्या प्रतीक्षालयाचं काम मिळालं. मी इंटरनेटवरून एक सुंदर चौकट उचलली, कडेला नक्षी, मध्ये देवीची आकृती, आणि सहा फुटांची करून फरशीत बसवली. फोटो झकास आले. तो लग्नाचा चौक होता, मधली पालघट देवी. लग्नात सुवासिनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर तो लिहितात (हो, 'लिहितात', 'काढतात' म्हटलं की तिथे लोक हसतात), धवलेरी (लग्न लावणारी बाई) गाणी म्हणते, देवी येते. आणि मी तिला चपलांखाली घातली होती.

कुणी भांडलं नाही. एक म्हातारी भिंतीला घासून, फरशीला वळसा घालून बाकापर्यंत गेली, एवढंच. मी शेजारच्या शिपाईदादांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "साहेब, तुम्ही विचारलंच कुठे?" मी विचारलं होतं, पण सगळी चित्रं पक्की झाल्यावर, एका बैठकीत, 'कसं वाटतं?' असं. त्यावर कोण काय बोलणार? सगळ्यांनी 'छान' म्हटलं.

दुरुस्ती करायला गेलो तर खरी गंमत. फरशी काढायची आणि पाड्यावरच्या तीन बायकांकडून भिंत लिहून घ्यायची, असा प्रस्ताव दिला. त्या कार्यालयाने तीन कोटेशनं मागितली, वर जीएसटी नंबर. बाई भात लावणार की कोटेशन लिहिणार? एक साहेब म्हणाले, "वारलीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, आता ती सगळ्यांची." अहो, नेमकं उलटं! २०१४ चं ते मानांकन कला कुठल्या भागाची आणि कुणाची हे सांगण्यासाठी आहे, फुकट वापरायला नाही. अकरा महिने फाइल फिरली. शेवटी फरशीवर जाजम पडलं.

हे सगळं ऐकून वारली नकोच, असंही करू नका. जिव्या सोमा म्हसे यांनी १९७०च्या दशकात ही चित्रं लग्नाच्या भिंतीबाहेर कागदावर आणली, पुढे २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. शेत, नांगर, मासेमारी, तारप्याभोवतीचा (फुंकून वाजवायच्या वाद्याभोवतीचा) नाच, हे आज बाजारासाठीही काढतात. जेवणघरात भात लावणी छान दिसेल. पण लग्नाचा चौक, देवी, पंचशिऱ्या (पाच डोक्यांचा) देव यांना हात लावू नका. निदान माझ्यासारख्याने तरी नाही.

आणखी एक. गेरूसारखा विटकरी प्लास्टिक पेंट मारून 'मातीचा फील' आणू नका, जेवणघराच्या वाफेत तो सोलपटतो. सारवलेल्या भिंतीला खर्च कमी, पण दर वर्षी हात लावावा लागतो, शाळेला ते आधीच सांगा.

तुमच्या बजेटमध्ये चित्र काढणाऱ्यांची मजुरी वेगळी दाखवली आहे का? नसेल तर आधी ती घाला, आणि निम्मी आगाऊ. तेवढंही जमत नसेल तर भिंत साधा चुना मारून सोडा, मुलं खडूने काय काढायचं ते काढतील.