पिकअपला ऑफ-रोड आणि कॅम्पिंगसाठी तयार करायचं, तर पहिला पैसा कुठे घालावा?

तुमचा प्रश्न असा: सेकंडहँड इसुझू व्ही-क्रॉस पिकअप घेतलीत, हातात अडीच लाख आहेत, त्यात दोन इंच लिफ्ट (म्हणजे गाडीची उंची वाढवणं), मोठे टायर, लोखंडी बंपर, विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारं यंत्र), स्नॉर्कल (इंजिनला टपाच्या उंचीवरून हवा देणारी नळी) आणि टपावरचा तंबू बसवायचाय, राहता बोरिवलीला, आणि सुरुवात कुठून करू? माझं उत्तर: वजनकाट्यावरून. शे-दीडशे रुपयांचं काम आहे आणि त्याने तुमची निम्मी यादी आपोआप गळून पडेल.

मी भांडुपला राहतो. माझ्याकडेही 16 इंची रिमवाली जुनी व्ही-क्रॉस आहे. घेतल्याघेतल्या मी काय केलं, तर ज्या सुताराने आमच्या घरातलं किचन केलं होतं त्यालाच हौद्यात खण करायला सांगितले. माणूस हाताचा फार चांगला. त्याने त्याला येतं तसं केलं: 18 मिलीचा मरीन प्लाय, वरून सनमायका, स्टीलची चॅनेल्स, सॉफ्ट क्लोज. हौद्यात सॉफ्ट क्लोज! बायको म्हणाली, घरातल्या ट्रॉल्या अशा का नाही केल्या. आता 18 मिलीची आठ बाय चारची एक शीट 32 ते 35 किलोची असते, आणि आमच्या कामाला तीन लागल्या होत्या. हा हिशोब मी तेव्हा केला नव्हता.

त्यावर फायबरची कॅनोपी, म्हणजे हौद्यावरचं झाकण, आली, तंबू आला, फ्रिज आला, पाण्याचे दोन कॅन आले. जुलैत जव्हारकडे निघालो. कसारा सोडेपर्यंत गाडी मागून इतकी बसली होती की समोरून येणारे ट्रकवाले डिपर मारत होते, कारण आमचे हेडलाइट थेट त्यांच्या डोळ्यांत जात होते. प्रत्येक खड्ड्यात मागून धप्प आवाज, म्हणजे पाटे (मागचे लीफ स्प्रिंग) पूर्ण दबून चासी रबरावर आपटतेय. शेवटी एका गावाबाहेरच्या साध्या चढावर, जिथून मोटरसायकली वर जात होत्या, तिथे मागची चाकं चिखलात पोटापर्यंत गेली. फोर-लो (चारही चाकांना ताकद देणारा हळू गिअर) घालूनही उपयोग नाही, कारण पुढची चाकं हलकी होऊन नुसती फिरत होती. बाजूच्या खाचरात चिखलणी चालली होती. तिथले काका ट्रॅक्टर सोडवून आले, दोर बांधला, आणि हौद्याकडे बघून विचारलं, "सिमेंट भरलंय काय यात?"

परतताना भिवंडी बायपासला एका काट्यावर गाडी चढवली, बायको-मुलगी आत बसलेल्या, टाकी भरलेली. स्लिप हातात आली तेव्हा कळलं की गाडीला जेवढं एकूण वजन परवानगीने चालतं त्याच्या 90 किलो वर आम्ही होतो. काटा ट्रकांचा, त्याला दहा किलोच्या खालचं दिसत नाही, पण एवढं तर दिसलंच. दुसऱ्या रविवारी खण बाहेर काढले. ते आता आमच्या गावच्या घरी धान्याला वापरतात. हौद्यात प्लास्टिकचे क्रेट आणि रॅचेट पट्टे आले, एकूण खर्च साडेचार हजार.

तर करायचं असं. गाडीच्या पाटीवर किंवा आरसीवर ग्रॉस वजनाचा आकडा बघा. मग कुटुंबासकट, भरलेल्या टाकीसकट, नेहमीच्या सामानासकट काट्यावर जा. एकदा पूर्ण गाडी, एकदा फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून. राहिलेला फरक हाच तुमचा खरा बजेट, अडीच लाख नाही. स्टीलचा बंपर आणि विंच मिळून ऐंशी-शंभर किलो सहज होतात, तंबू 50 ते 70, आणि पाणी म्हणाल तर लिटरला किलो, त्यात सूट नाही.

पिकअपच्या मागे पाटे असतात, ते ओझ्यासाठीच बनलेले. रिकामी असताना मागून उड्या मारते ती त्यामुळेच. लोक काय करतात, गाडी बसते म्हणून एक जादा पाटा घालतात. मग तुम्ही सोमवारी रिकामी गाडी घेऊन ऑफिसला निघालात की एलबीएस रोडवर कंबर मोडते. कॅनोपी आणि सामान कायमचं गाडीत राहणार असेल, तर त्या कायमच्या वजनाला बेतलेले पाटे बसवून घ्या. सामान फक्त सुट्टीपुरतं चढणार असेल तर पाट्यांना हात लावू नका, सामान कमी करा. कुर्ल्याचे उस्ताद लोक उंची वाढवायला लांब शॅकल (पाटे चासीशी जोडणारी पट्टी) घालून देतात, तासाभरात, स्वस्तात. त्याने मागची उंची वाढते खरी, पण डिफरन्शियल (मागच्या चाकांमधला गिअरचा गोळा) थोडं कलतं, त्याला ताकद देणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचा कोन बदलतो आणि दोन-चार महिन्यांनी साठच्या वेगाला गुणगुण सुरू होते. मी स्वतः हे केलेलं नाही, पण ज्याने केलं त्याची गाडी त्याच उस्तादाकडे परत उघडलेली बघितली आहे.

आता टायर. यादीतली ही एकच गोष्ट मी डोळे झाकून घ्या म्हणेन, पण मोठे घेऊ नका, चांगले घ्या. 245/70 आर 16 टायरचा व्यास साधारण 749 मिलिमीटर. त्याऐवजी 265/70 आर 16 घातलात तर 777. म्हणजे व्यास 28 मिलीने वाढला, पण गाडी वर उचलली जाते त्याच्या निम्मी, 14 मिली. एका बोटाची जाडी! त्या बोटभर उंचीसाठी स्पीडोमीटर पावणेचार टक्के खोटं बोलणार, स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर आतल्या लायनरला घासू शकतो, क्लचवर ताण वाढणार. कंपनीच्या मापातलेच ऑल-टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीला चालणारे) घ्या, पाचही, स्टेपनीसकट. मड-टेरेन, म्हणजे खास चिखलासाठीचे जाड गठ्ठ्यांचे टायर, मुंबईत राहणाऱ्याने घेऊ नयेत हे माझं मत आहे. वर्षातले तीनशे दिवस तुम्ही डांबरावर आणि पेव्हर ब्लॉकवर चालवणार, ते ओले असले की त्या मोठमोठ्या गठ्ठ्यांची पकड कमीच, आणि आवाज असा की मागच्या सीटवरचा माणूस फोन घेत नाही.

टायरइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे हवा, आणि तिला पैसे लागत नाहीत. रस्त्यावर 32-35 पीएसआय ठेवत असाल तर चिखलात 22 च्या आसपास, मऊ वाळूत 16-18. टायर पसरतो, जमिनीला जास्त धरतो. जव्हारला मी हे केलं असतं तर कदाचित ट्रॅक्टर लागला नसता. मात्र डांबरावर परतायच्या आधी हवा भरायलाच हवी, म्हणून बारा व्होल्टचा दणकट कंप्रेसर घ्या, थेट बॅटरीला चिमटे लावून चालणारा. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारी खेळणी सायकलला ठीक आहेत.

बंपर आणि लिफ्टबद्दल कायद्याचं सांगून टाकतो, कारण तुम्ही विचारलं नाहीये. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 म्हणतं की आरसीवर नोंदलेला तपशील बदलेल असा फेरफार करायचा नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. 2019 च्याच दुरुस्तीनंतर मालकाला दर फेरफारामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. बुलबार आणि क्रॅशगार्डवर (बंपरपुढे लावलेल्या लोखंडी बारवर) कारवाई करा असं केंद्राने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना कळवलंय. त्याला कारणही आहे: पुढच्या धडकेत एअरबॅगच्या सेन्सरला जो धक्का कळायला हवा तो बार बदलून टाकतो, आणि समोर पादचारी असेल तर त्याचं काय होतं ते सांगायला नको. शिवाय विमा कंपनीला न कळवता केलेला बदल म्हणजे क्लेम नाकारायला त्यांना आयतं निमित्त. म्हणून माझा नियम साधा आहे: पान्याने तासाभरात काढता येईल तेच लावायचं. हौद्याला भोकं नाहीत, चासीला वेल्डिंग नाही. भोकाचा अजून एक तोटा आपल्याला जास्त, आपली हवा खारी आहे. माझ्या आधीच्या मालकाने कॅरिअरसाठी हौद्याच्या कडेला चार भोकं पाडली होती, दोन पावसाळ्यांत तिथे रुपयाएवढा गंज. हौद्यातल्या बांधायच्या कड्या आणि क्लॅम्पवर सगळं बसतं, थोडं डोकं लावावं लागतं.

स्नॉर्कलला माझी ना नाही, पण कशाला हवंय ते स्वतःला विचारा. आपल्याकडे निम्मे लोक पावसात तुंबणाऱ्या मिलन सबवेसाठी लावतात. स्नॉर्कल इंजिनला फक्त उंचावरची हवा देतो. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचे ब्रीदर, म्हणजे हवा आत-बाहेर करणारी तोंडं, खाली तसेच असतात, ऑल्टरनेटर खालीच असतो, आणि वाहत्या पाण्यात गाडी तरंगायला लागली की स्नॉर्कल काही करत नाही. फेंडर कापावा लागतो तो वेगळाच. त्यापेक्षा ब्रीदरच्या नळ्या वर घेऊन ठेवा, काही शे रुपयांचं काम आहे, आणि गुडघ्याच्या वर पाणी दिसलं की गाडी वळवा.

तंबूबद्दल एकच कळीचा प्रश्न: पार्किंग कसलं आहे? पिकअप मुळातच सव्वापाच मीटरच्या वर लांब आणि साधारण 1.8 मीटर उंच. रॅक आणि तंबू चढवला की सव्वादोनच्या घरात जाते. बऱ्याच बेसमेंटच्या तोंडाशी 2.1 ची दांडी असते, आणि पझल पार्किंग (गाड्या यंत्राने एकावर एक ठेवणारं) असेल तर विषयच संपला. आमच्या वॉचमनने एकदा दांडीशी गाडी थांबवली म्हणून तंबू वाचला. आता तंबू मी टपावर न ठेवता हौद्यावरच्या ठेंगण्या रॅकवर ठेवतो. उंची टपाच्या थोडी वर जाते, वजन खाली राहतं, घाटातल्या वळणावर गाडी झोकांडत नाही. पावसात ओला तंबू गुंडाळून आणलात तर दुसऱ्याच दिवशी गच्चीवर पसरा. आठवडाभर ठेवलात तर बुरशीचे काळे ठिपके येतात आणि ते निघत नाहीत, मी सगळं लावून बघितलंय.

फ्रिज घेणार असाल तर तारेत कंजुषी करू नका. बॅटरी पुढे, फ्रिज मागे, मधे पाच मीटर, जाऊन-येऊन दहा मीटर तांबं. 2.5 चौरस मिलीच्या तारेत सहा अँपिअरला जवळजवळ 0.4 व्होल्ट वाटेतच खर्च होतो, फ्रिजला वाटतं बॅटरी संपली आणि तो रात्री दोनला बंद पडतो. सकाळी आतले मासे नासलेले. 6 चौरस मिलीची तार लोहार चाळीत मिळते, फ्यूज मात्र बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत हवा, फ्रिजजवळ नाही.

विंच सध्या राहू द्या. एक कायनेटिक दोर (ताणला जाणारा, गाडी ओढून काढायचा), दोन सॉफ्ट शॅकल (दोर गाडीला अडकवायच्या दोरीच्याच कड्या), दोन ट्रॅक्शन बोर्ड (रुतलेल्या चाकाखाली घालायच्या फळ्या) आणि एक चांगलं फावडं, एवढं घ्या. लोखंडी शॅकल हवेच असतील तर दारूखान्यात जा, जहाजांच्या सामानाची दुकानं आहेत, पण ज्यावर भाराचा आकडा ठोकलेला असेल तेच घ्या. पाऊण इंची बो-शॅकलवर 4.75 टन असा ठसा असतो. ठसा नसेल तर तो पेपरवेट. आणि दोर कधीही टो-बॉलला (ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) किंवा गाडी बांधून न्यायच्या पातळ हुकांना लावायचा नाही. तुटलेला हुक काच फोडून आत येतो.

समुद्रकिनाऱ्यावर गाडी घालायचा विचार असेल तर काढून टाका. बहुतेक ठिकाणी मनाई आहे, भरती गाडी सोडत नाही, आणि वेळास-आंजर्ल्याकडे वाळूत ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी असतात. भंडारदऱ्याकडे जंगलखात्याच्या हद्दीत तंबू ठोकण्याआधी विचारा. त्यापेक्षा गावात उतरा, पोलीस पाटलांना सांगून ठेवा, कुणाचं तरी रिकामं शेत मिळतं. पाणीही मिळतं, म्हणजे ते घरून वाहून न्यायला नको.

अडीच लाखांतले साठ ते ऐंशी हजार टायरला ठेवा, पंचवीस-तीस दोर-कंप्रेसर-बोर्डांना. बाकीचे बँकेत असू द्या आणि गाडी आहे तशी एक पावसाळा फिरवा. या शनिवारी सगळं सामान भरून काट्यावर जा आणि स्लिपवरचे दोन्ही आकडे इथेच लिहा, मग पाट्यांचं बघू.